मराठी संशोधन त्रैमासिक डीओएजेमध्ये न्यायचंय, सुरुवात कुठून करू?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे पण नीट सांगितल्याशिवाय उत्तर मिळणार नाही म्हणून सगळंच लिहिते.

आमचं एक संशोधन त्रैमासिक आहे. भाषा, साहित्य आणि लोकसंस्कृती हे विषय, जवळजवळ सगळे लेख मराठीत, एखाददुसरा इंग्रजी. लहान गावातलं मंडळ चालवतं, विद्यापीठाचा वगैरे पैसा नाही, वर्गणीदार आणि आजीव सभासदांच्या जिवावर चाललंय. अंकाला पाच-सहा शोधलेख असतात, बाकी परीक्षणं आणि टिपणं. प्रत्येक लेख छापायच्या आधी दोन जाणकारांकडे जातो, पूर्वी पोस्टाने जायचा आता मेलने जातो, आमचे संपादक सर त्यात तडजोड करत नाहीत म्हणजे नाहीत. मी तीन वर्षं सहसंपादक म्हणून काम बघतेय.

अडचण अशी की हे काम कुणाला दिसतच नाही. मागच्या महिन्यात एका चर्चासत्रात जात्यावरच्या ओव्यांवर पीएचडी करणारी एक मुलगी भेटली, तिला आमच्या अंकात त्याच विषयावर आलेल्या दोन लेखांचा पत्ताच नव्हता, गूगल स्कॉलरवर खूप शोधलं म्हणाली. मी घरी येऊन त्यातल्या एका लेखाचं शीर्षक जसंच्या तसं टाकून पाहिलं, काही म्हणजे काही आलं नाही. फार वाईट वाटलं. त्या लेखिकेने गावोगाव बायकांच्या ओसरीवर बसून त्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या.

दुसरं म्हणजे यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य संशोधन नियतकालिकांची यादी, होती तोवर लेखक फक्त केअरमध्ये आहे का एवढंच विचारायचे, फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद झाल्याची नोटीस निघाली आणि आता प्रत्येक जण विचारतो की मॅडम अंक इंडेक्स कुठे आहे, म्हणजे कुठल्या सूचीत आहे. आणि रोज मेल येतात, अमुक रुपये भरा, पंधरा दिवसांत दहा ठिकाणी इंडेक्स करून देतो, सोबत इम्पॅक्ट फॅक्टरही (अंकातल्या लेखांचे संदर्भ किती दिले जातात त्याचा आकडा) देतो. सरांना ते बघूनच संताप येतो, मलाही भरवसा वाटत नाही. एका मैत्रिणीने डीओएजेचं नाव सांगितलं, ऑनलाइन फुकट वाचता येणाऱ्या संशोधन नियतकालिकांची सूची आहे म्हणाली.

आमच्याकडे छापील अंकाचा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, आहे. वेबसाइट आहे पण साधी, तिच्यावर पूर्ण अंकाची एकच पीडीएफ असते तीही सहा महिन्यांनी टाकतो. मराठी अंक घेतात का ते? खर्च किती? आणि पहिलं पाऊल कोणतं टाकू?


ग्रंथालयगल्ली

ताई, आधी पैशाचं. डीओएजे एक रुपया घेत नाही, अर्जाला नाही, घेतल्यावर नाही, नंतर वर्षाला पण नाही. त्यांच्या नावाने कुणी पैसे मागितले तर तो मेल सरळ डिलीट करा. आणि भाषेचं बंधन नाही, मराठी चालते. मी ३० वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली आणि निवृत्तीनंतर दोन नियतकालिकांचे अर्ज भरायला मदत केली, एक पहिल्या झटक्यात गेलं, दुसरं नापास होऊन परत गेलं, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्यात.

डीओएजे म्हणजे खुल्या नियतकालिकांची सूची. २००३ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठात सुरू झाली तेव्हा ३०० नियतकालिकं होती, आज २० हजारांच्या वर आहेत. तिला वजन का आहे ते पण सांगतो. २०१४ मध्ये त्यांनी नियम कडक केले, आधीपासून यादीत असलेल्यांनाही परत अर्ज करायला लावला, आणि ज्यांनी केला नाही अशी तीन हजारांवर नियतकालिकं २०१६ मध्ये काढून टाकली. अर्ज माणूस वाचतो, तुमची साइट उघडून पान पान बघतो. म्हणून पहिलं पाऊल अर्ज नव्हे, पहिलं पाऊल तुमची वेबसाइट. तुम्ही इतकी वर्षं जे प्रामाणिकपणे करताय ते साइटवर लिहिलेलं नसेल तर त्यांच्या लेखी ते घडतच नाही.

आता काय काय बघतात ते जसं आठवतंय तसं लिहितो.

आयएसएसएन. छापीलचा आहे म्हणालात, ऑनलाइन आवृत्तीला वेगळा घ्या. दिल्लीला राष्ट्रीय केंद्र आहे, पूर्वी निस्केअर म्हणायचो, २०२१ पासून ते सीएसआयआर-निस्पर झालं, फुकट मिळतो. मिळाल्यावर साइटवर दोन्ही नंबर ठळक दिसले पाहिजेत आणि आयएसएसएनच्या पोर्टलवर अंकाचं नाव जसं आहे तसंच साइटवर आणि अर्जात हवं. हे आत्ताच तपासा, यात लोक फार अडकतात.

संपादक मंडळ. किमान पाच जण, प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि संस्था. आपल्याकडे नुसतं प्रा. अमुक डॉ. तमुक असं लिहून मोकळं होतात, ते चालत नाही. सगळे एकाच संस्थेतले नसलेले बरे.

लेख परीक्षणाची पद्धत. दोन स्वतंत्र परीक्षक, नावं झाकून की उघडी, लेख आल्यापासून निर्णयापर्यंत काय काय होतं, हे सगळं साध्या मराठीत एका पानावर लिहा. तुमचं काम चोख आहे त्यामुळे तुम्हाला फक्त लिहून काढायचंय.

आता जिथे ते दुसरं नियतकालिक नापास झालं ते सांगतो. शेवटच्या दोन अंकांपैकी कुठल्याही अंकात संपादक, मंडळाचे सदस्य किंवा परीक्षक यांचेच लेख २५ टक्क्यांच्या वर असतील तर अर्ज फेटाळतात. छोट्या अंकांना हे फार जड जातं, कारण अंक भरायला आपलेच लोक हाताशी असतात, पाच शोधलेखांत दोन मंडळींचे आले की झाले ४० टक्के. त्यांचं तेच झालं, चांगले लेख होते पण घरचेच होते. एकदा फेटाळला की सहा महिने परत अर्ज करता येत नाही. तुम्ही पुढचे दोन अंक आखताना हे डोक्यात ठेवा.

वर्षाला किमान पाच शोधलेख लागतात, तुमचे वीस होतात, तो प्रश्न नाही.

फी. लेखकांकडून पैसे घेत नसाल तर घेत नाही असं स्पष्ट लिहा. गप्प बसलं तर ते विचारतात.

आणि ती सहा महिन्यांनी टाकायची सवय. ती सोडावी लागेल. अंक निघाला त्या दिवशी पूर्ण लेख सगळ्यांना खुला, लॉगिन न मागता, हीच त्यांची मुळातली अट आहे. यावर तुमच्या मंडळात चर्चा होणार, ती आधी करून घ्या.


अक्षरजुळणी

ग्रंथालयगल्ली काकांनी छान सांगितलंय. मी पुण्यात अक्षरजुळणीचं काम करतो, मासिकं पुस्तकं सगळं, त्यामुळे वेगळं विचारतो. ताई तुमचा अंक कुठल्या फॉन्टमध्ये बसवला जातो? श्रीलिपी? सुरेख? पेजमेकरमध्ये?

एक करून बघा. तुमच्या वेबसाइटवरची पीडीएफ उघडा, त्यातला एक परिच्छेद कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी आलं तर ठीक. इंग्रजी अक्षरं, चिन्हं, टिंबं असा काहीतरी गोंधळ आला तर गूगललाही तोच गोंधळ दिसतोय. डोळ्याला पानावर ओवी दिसते, मशीनला मात्र तिथे मराठी दिसतच नाही. शीर्षक टाकून काही सापडलं नाही त्याचं अर्धं कारण मला हेच वाटतंय.


कृष्णाकाठची

करून बघितलं. सगळा गोंधळ आलाय. श्रीलिपीच आहे, आमचे जुळणीवाले काका गेली वीस वर्षं त्याच्यातच काम करतात, त्यांचं काम इतकं स्वच्छ असतं की अंकात एक मुद्रणदोष सापडत नाही. आता त्यांना बदला म्हणायचं माझ्या जिवावर येतंय.


अक्षरजुळणी

बदला म्हणू नका, शिकून घेऊ म्हणा. मी स्वतः चाळिशीत युनिकोडवर, म्हणजे मशीनलाही मराठी म्हणून वाचता येणाऱ्या अक्षरांवर, आलो, पंधरा दिवस बोटं अडखळली मग बसलं. ज्या माणसाच्या अंकात मुद्रणदोष सापडत नाही तो माणूस तर तुम्हाला हवाच आहे, कारण पुढचं काम नजरेचंच आहे.

जुना मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये येतो पण डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. सगळ्यात जास्त मार खातो तो ऱ्या. दुसऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर, असल्या शब्दांत कन्व्हर्टर कधी रफार टाकतो तर कधी अक्षरच गिळतो, आणि ओव्यांचा लेख म्हणजे तसले शब्द पानोपानी असणार. त्यातही ऱ्या युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक नुक्त्याच्या ऱ ने आणि एक साध्या र ला न दिसणारा जोडक लावून, पानावर दिसतात सारखे पण शोधताना एक टाकला की दुसरा सापडेलच असं नाही. तसंच ॲ चं, एकच अक्षर म्हणून आहे आणि अ वर चंद्र देऊन पण होतो. अंकाचा एक नियम ठरवा आणि कागदावर लिहून भिंतीला लावा. मराठी वळणाचा ल आणि श हा मात्र फॉन्टचा विषय आहे, मजकूर तोच राहतो, त्याची काळजी नको.

आणि युनिकोडमध्ये बसवलं म्हणजे सुटलो असं पण नाही हो. पीडीएफ बनवताना काही सॉफ्टवेअर अक्षरं जशी दिसतात त्या क्रमाने आत ठेवतं, मग कॉपी केल्यावर किती ची पहिली वेलांटी क च्या आधी पळालेली दिसते. म्हणून प्रत्येक अंकाची पीडीएफ निघाली की तीच नोटपॅडची परीक्षा. मी तर म्हणेन शोधलेखांची वेबपानं पण करा, पीडीएफ राहू दे पण सोबत साधा मजकूर असलेलं पान, मोबाइलवर वाचायला पण तेच बरं पडतं, आणि शोधयंत्रांना देवनागरी वेबपानातून नीट वाचता येते. डीओएजेला दोन्हींपैकी काहीही चालतं.

जुने अंक नुसते स्कॅन केलेले असतील तर ओसीआर करा, म्हणजे चित्रातला मजकूर सॉफ्टवेअरने ओळखून घ्या. टेसरॅक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात मराठी आहे, गूगल ड्राइव्हमध्ये पण होतं. छपाई चांगली असेल तर निकाल चांगला येतो, नंतर वाचून दुरुस्त करायला माणूस लागतोच.


टोरांटोकर

उशिरा लिहितोय, इथली वेळ उलटी. मी इथे एका विद्यापीठाच्या लायब्ररीत काम करतो आणि नियतकालिकांच्या साइट्स हाच माझा रोजचा विषय आहे.

ताई, साध्या वेबसाइटवर डागडुजी करत बसू नका. ओजेएस म्हणजे ओपन जर्नल सिस्टिम्स घ्या. कॅनडातलाच प्रकल्प आहे, पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट, १९९८ मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात सुरू झाला, आता सायमन फ्रेझर विद्यापीठात आहे, आणि हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे, जगभर छोटी मोठी हजारो नियतकालिकं त्यावर चालतात. खर्च फक्त डोमेन आणि होस्टिंगचा. पीएचपी आणि मायएसक्यूएल चालणारं होस्टिंग हवं आणि ते बसवायला आणि दर काही महिन्यांनी अपडेट करायला जवळपासच्या कॉलेजातला एखादा कॉम्प्युटरवाला मुलगा गाठा. अपडेट मात्र टाळू नका, जुन्या आवृत्त्या उघड्या राहिल्या की त्यात नको त्या जाहिराती घुसतात, मी निस्तरल्यात अशा साइट्स.

त्याने काय होतं बघा. प्रत्येक लेखाला स्वतःचा पत्ता मिळतो. आत्ता तुमची पूर्ण अंकाची एक पीडीएफ आहे, म्हणजे ओव्यांचा लेख हा कुणासाठी वेगळा अस्तित्वातच नाही, तो शंभर पानांच्या फाइलच्या पोटात आहे. डीओएजेला प्रत्येक लेखाचा वेगळा पत्ता लागतोच आणि गूगल स्कॉलरचं पण तसंच, एक लेख एक फाइल, फाइल ५ एमबीच्या आत, मजकूर शोधता येण्याजोगा, आणि पानाच्या आत शीर्षक, लेखक, वर्ष, अंक यांच्या ठरावीक खुणा. या खुणा ओजेएस आपोआप घालतं. स्कॉलरला अर्ज, फी असलं काही नाही, त्यांचा रोबो येऊन वाचून जातो, फक्त लगेच दिसत नाही, काही आठवडे कधी महिनेही लागतात.

दुसरं, ओजेएसमध्ये ओएआय-पीएमएच नावाची सोय असते, म्हणजे तुमच्या लेखांची माहिती दुसऱ्या यंत्रणांना ठरावीक साच्यात उचलता येते. जर्मनीत बिलेफेल्ड विद्यापीठाचं बेस हे शोधयंत्र आहे २००४ पासून, इंग्लंडच्या ओपन युनिव्हर्सिटीचं कोअर आहे, दोघांकडे तुमचा तो ओएआयचा पत्ता मोफत नोंदवा. ओपनॲलेक्स म्हणून एक २०२२ मध्ये सुरू झालं, मायक्रोसॉफ्टने स्वतःची संशोधनसूची बंद केली तेव्हा तिची जागा घ्यायला, ते क्रॉसरेफ (लेखांना कायमचे क्रमांक देणारी संस्था) आणि डीओएजेसारख्या ठिकाणांहून माहिती उचलतं, त्यामुळे तिथे वेगळा अर्ज लागत नाही. आणि ऑनलाइन आयएसएसएन घेऊन अंक खुला केलात की आयएसएसएनवाल्यांच्या रोड नावाच्या मोफत सूचीत पण जागा मिळते.

साइट उद्या बंद पडली तर काय हा प्रश्न पण असतोच. ओजेएसवरच्या खुल्या नियतकालिकांसाठी त्यांचं एक जतनाचं जाळं आहे, मोफत, प्लगिन सुरू करायचं आणि आयएसएसएन द्यायचा, लेखांच्या प्रती वेगवेगळ्या ग्रंथालयांच्या सर्व्हरवर ठेवल्या जातात. मंडळाचा संगणक बिघडला आणि दहा वर्षांचे अंक गेले असं मराठीत होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मराठी नावांबद्दल एक. ओजेएसमध्ये नाव आणि आडनाव वेगळे रकाने असतात आणि लोक वडिलांचं नाव कुठेही कोंबतात, कधी नुसती आद्याक्षरं, कधी लग्नाआधीचं आडनाव, कधी नंतरचं. मग एकाच बाईंचे लेख तीन वेगळ्या माणसांच्या नावावर पडतात. लेखकांना ऑर्किड म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक काढायला सांगा, मोफत आहे, १६ अंकी नंबर असतो आणि त्यात इतर नावं म्हणून देवनागरी रूप, जुनं आडनाव सगळं देता येतं. लेखाचं शीर्षक आणि सारांश मराठी आणि इंग्रजी दोन्हीत भरा. पुढे कधी स्कोपस या मोठ्या आंतरराष्ट्रीय सूचीचा विचार केलात तर तिथे इंग्रजी सारांश आणि रोमन लिपीतले संदर्भ लागतात, पण ते पुढचं, आत्ता त्याच्या मागे लागू नका.


जुनावर्गणीदार

मी अशाच एका नियतकालिकाच्या विश्वस्त मंडळावर आहे म्हणून मनातलं विचारतो. अंक निघाल्या दिवशी सगळं फुकट द्यायचं म्हटल्यावर वर्गणी कोण भरणार? आमच्याकडे हा विषय तीन बैठका चालला आणि तसाच राहिला. वर्गणीतूनच छपाई होते, पोस्ट होतं, जुळणीवाल्याचे पैसे दिले जातात. आणि लेखक म्हणतात की माझा लेख खुला केला तर उद्या पुस्तक काढताना प्रकाशक घेईल का. दोन्ही शंका मला खऱ्या वाटतात.


ग्रंथालयगल्ली

खऱ्याच आहेत, साहेब. मी ज्या दोन ठिकाणी होतो त्यांनी काय केलं तेवढं सांगतो. छापील अंकाची वर्गणी त्यांनी चालूच ठेवली, डीओएजेला छापील अंक विकण्यावर काही आक्षेप नाही, ऑनलाइन पूर्ण खुलं असलं की झालं. त्यांचे वर्गणीदार बहुतेक साठीच्या पुढचे, त्यांना हातात अंक हवा असतो, ते ऑनलाइनमुळे गळले नाहीत. काही ग्रंथालयांनी मात्र वर्गणी बंद केली, ते खोटं कशाला सांगू. तो खड्डा त्यांनी देणगी अंकातून भरून काढला, जाहिरात देणाऱ्यांना वाचक वाढल्याचं दाखवता आलं याचाही उपयोग झाला. पण तुमच्या बैठकीत हिशोब मांडूनच ठरवा, माझ्या सांगण्यावरून नको.

लेखकांचं असं की क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने वेगवेगळे आहेत. श्रेय द्या आणि वापरा, श्रेय द्या पण धंदा नको, श्रेय द्या पण बदल नको, असे. डीओएजेला यातला कुठलाही चालतो. स्वामित्वहक्क लेखकाकडेच ठेवा आणि तसं साइटवर लिहा, म्हणजे लेखक स्वतःचं पुस्तक काढायला मोकळा. आणि मग पानाच्या तळाशी जे ते सर्व हक्क स्वाधीन छापतात ते कृपा करून काढा! एकीकडे खुला परवाना आणि खाली सर्व हक्क स्वाधीन, अशा विसंगतीवर अर्ज हमखास अडतो. आमचा पहिला अर्ज पास झाला खरा पण त्याआधी याच एका ओळीवरून त्यांचा प्रश्न आला होता, साइटच्या साच्यातच ती ओळ होती आणि कुणाच्या लक्षातच आली नव्हती.

जुन्या अंकांसाठी थांबू नका. अर्जात खुलं कधीपासून ते वर्ष विचारतात, तिथून पुढचं बघतात. जुन्या लेखांसाठी लेखकांची परवानगी, लेखक नसतील तर वारसांची, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, ते काम सावकाश चालू द्या.


कृष्णाकाठची

सगळ्यांचे खूप आभार, मी प्रिंट काढून सरांना नेऊन दिल्या, त्यांनी लाल पेनने खुणा करत वाचलं. त्यांची एकच शंका, डीओआय, म्हणजे लेखाचा तो कायमचा क्रमांक, घ्यावाच लागतो का? आम्हाला कुणीतरी सांगितलं की त्याशिवाय कुठेच घेत नाहीत. आणि त्या मेलमधला इम्पॅक्ट फॅक्टर, आमच्या आधीच्या कुणी सहसंपादकाने असाच एक घेऊन साइटवर लावलाय, तो राहू द्यायचा का?


टोरांटोकर

डीओआय सक्तीचा नाही, डीओएजे त्याशिवाय घेतं. असला तर चांगलाच, कारण साइटचा पत्ता बदलला तरी लेखाचा डीओआय तोच राहतो आणि ओपनॲलेक्ससारख्या ठिकाणी लेख पटकन पोचतो. डीओआय देणाऱ्या क्रॉसरेफची सगळ्यात लहान सदस्याची वार्षिक फी कित्येक वर्षं २७५ डॉलर होती, वर लेखामागे एक डॉलर. सध्याचा आकडा त्यांच्या साइटवर बघा. लहान मंडळाला हे जड आहे. काही गरीब देशांना फी माफ आहे, आपले शेजारी नेपाळ आणि बांगलादेश त्यात येतात, भारत येत नाही. स्वतंत्र सदस्य होण्याऐवजी एखाद्या प्रायोजक संस्थेमार्फत जाता येतं, किंवा जवळच्या विद्यापीठाने सदस्यत्व घेतलं असेल तर त्यांना विचारा. पण पहिल्या वर्षी यासाठी थांबू नका.

इम्पॅक्ट फॅक्टर आजच काढा. खरा इम्पॅक्ट फॅक्टर वेब ऑफ सायन्सवाले क्लॅरिव्हेट देतात, मेलवरून विकत मिळतो तो आकडा काहीच मोजत नाही. अर्ज वाचणाऱ्याच्या नजरेला तो पडला की तुमच्या उरलेल्या सगळ्या प्रामाणिक कामावर त्याची सावली पडते.


ग्रंथालयगल्ली

एकदम बरोबर. २०१८ च्या मे महिन्यात यूजीसीने आपल्या तेव्हाच्या यादीतून ४३०५ नियतकालिकं काढली होती तेव्हा आमच्या कॉलेजात किती जणांची बढती अडकली ते मी बघितलंय. पैसे भरून घेतलेला शिक्का असाच कधीतरी उलटतो, आणि भोगतो तो लेख लिहिणारा. केअरचं काम नंतर पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालायचं, आता तीही यादी नाही आणि निवडीची जबाबदारी संस्थांवरच आलीय, म्हणून तर साइटवर सगळं उघड लिहिलेलं असणं जास्त महत्त्वाचं झालंय. उद्या एखाद्या कॉलेजच्या समितीने तुमच्या लेखकाला विचारलं की या अंकात परीक्षण होतं कशावरून, तर त्याला दाखवायला पान हवं.

अजून एक राहिलं. डीओएजेने घेतलं म्हणजे फक्त अंकाचं नाव सूचीत जातं, लेख आपोआप जात नाहीत. प्रत्येक अंकानंतर लेखांची माहिती तुम्ही चढवायची असते, ओजेएसमध्ये त्याचं प्लगिन आहे, अर्ध्या तासाचं काम. कितीतरी जण मान्यता मिळाली की पेढे वाटतात आणि हे विसरतात.


अक्षरजुळणी

ताई तुमच्या जुळणीवाल्या काकांचं काय झालं?


कृष्णाकाठची

काल त्यांच्याकडे जाऊन आले. मी भीत भीत विषय काढला, त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाटातून एक वही काढली, तिच्यात त्यांनी गेल्या वीस वर्षांत लेखकांनी चुकीचे लिहिलेले शब्द आणि त्यांची बरोबर रूपं लिहून ठेवलीत, दोनशे पानं तरी असतील. म्हणाले ही टाइप करायला घेतो म्हणजे युनिकोडचा हात बसेल. मला काही बोलताच आलं नाही.

बाकी ठरलंय ते असं. बैठक झाली, वर्गणी तशीच ठेवून पुढच्या वर्षाच्या पहिल्या अंकापासून लगेच खुलं करायचं हे दोन सभासद सोडून सगळ्यांना मान्य झालं, त्या दोघांचं म्हणणं एक वर्ष बघून परत चर्चा करू, ते पण नोंदवून घेतलं. परवाना श्रेय द्या पण धंदा नको हा घेतोय. इम्पॅक्ट फॅक्टर काढला. मंडळावर दोन नवीन नावं घेतोय, एक नागपूरच्या बाजूच्या आणि एक गोव्याच्या. आणि पुढच्या दोन अंकांत सरांनी स्वतःचे लेख मागे घेतलेत, २५ टक्क्यांचं ऐकल्यावर त्यांनीच सुचवलं.

आता अडकलंय ते आयएसएसएनच्या पोर्टलवर. तिथे आमच्या अंकाचं नाव रोमन लिपीत आहे आणि त्यात एक शब्द आमच्या मुखपृष्ठावर जो आहे तो नाहीच, बहुतेक बऱ्याच वर्षांपूर्वी मुखपृष्ठ बदललं तेव्हा तो वाढवला असावा. आता ऑनलाइनचा आयएसएसएन मागताना कुठलं नाव द्यायचं?


ग्रंथालयगल्ली

घाईने ऑनलाइनचा अर्ज करू नका. आधी दिल्लीच्या केंद्राला मेल करा, जुन्या आणि नव्या मुखपृष्ठाचे फोटो जोडा आणि विचारा की हा बदल किरकोळ धरायचा की नाव बदललं असं धरायचं. किरकोळ धरला तर ते नोंद दुरुस्त करतील. नाव बदललं असं ठरलं तर छापीललाही नवा नंबर घ्यावा लागतो. त्यांचं उत्तर आलं की मग त्याच नावाने ऑनलाइनचा मागा, आणि तेच नाव साइटवर, मुखपृष्ठावर, पीडीएफच्या पहिल्या पानावर, सगळीकडे एकसारखं. शब्द नेमका कुठल्या वर्षी वाढवला ते जुन्या अंकांच्या गठ्ठ्यातून काढून ठेवा, ते विचारतील.


कृष्णाकाठची

गठ्ठा सरांच्या माळ्यावर आहे. उद्या रविवार, जाते.